हजेरीपट हीच मतदारयादी

सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासन संस्थांवर एक धडा आहे. नगरसेवक कसा निवडून येतो, महापौर कोण, आयुक्त कोण, हे सगळं त्यात नीट सांगितलेलं आहे. कल्याण-डोंबिवलीतल्या मुलांनी हा धडा सलग काही वर्षं नगरसेवकांविना वाचला. तिथल्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि दोन्ही शहरांत पुढचं मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधला सगळा कारभार प्रशासकाचा. जून २०२० मध्ये कल्याणात पहिलीत नाव घातलेलं मूल सहावीत जाऊन बसलं, तरी त्याच्या शहरात महापालिकेची निवडणूक झालेली नव्हती.

तोवर गावकारभाराची अशी काही निवडणूक त्याने पाहिली असेल, तर ती शाळेतच. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिना-दोन महिन्यांत शालेय मंत्रिमंडळ निवडायची पद्धत महाराष्ट्रात गावोगाव रुळली आहे. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री, परसबाग असेल तर कृषिमंत्री, आणि ज्याच्याकडे सगळ्या शाळेचं लक्ष असतं तो पोषण आहारमंत्री.

फळ्यावर रीतसर कार्यक्रम लागतो: अर्ज भरणे, छाननी, माघार, चिन्हवाटप, प्रचार, मतदान, मतमोजणी. अर्ज म्हणजे वहीतून फाडलेलं दुरेघी पान. चिन्हं फुगा, छत्री, पतंग, पाटी अशी निरुपद्रवी. कमळ नाहीतर धनुष्यबाण मागणारा एखादा उमेदवार निघतोच, आणि त्याला नाही म्हणताना बाईंना हसू आवरावं लागतं. हजेरीपट हीच मतदारयादी. मतदानाच्या दिवशी तीन बाकं ओळीने लागतात. पहिल्या बाकावरचा मुलगा नाव पुकारतो आणि हजेरीपटावर खूण करतो. दुसऱ्यावरची मुलगी सही घेते, डाव्या तर्जनीवर मार्करची रेघ ओढते. तिसरा हातातल्या मोबाइलवर ‘बॅलट’ दाबतो. खोक्याच्या पुठ्ठ्याचा आडोसा करून त्यामागे दुसरा मोबाइल ठेवलेला असतो. त्यावर मतदान यंत्राचं ॲप, नावं आणि चिन्हं. बोट टेकलं की लांबलचक बीप वाजतो. तो ऐकल्याशिवाय मतदार जागचा हलत नाही, आणि पहिलीतलं एखादं पोर बाहेर येऊन आपण कोणाला मत दिलं ते मोठ्याने सांगून टाकतं.

ही नक्कल इतकी तंतोतंत उतरते, कारण ती करून घेणारे गुरुजी त्या कामात मुरलेले असतात. तीन बाकं म्हणजे मतदान अधिकारी क्रमांक एक, दोन आणि तीन. बाजूला खुर्चीवर बसलेले मुख्याध्यापक म्हणजे केंद्राध्यक्ष. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना शिक्षणबाह्य कामांतून सोडवलं खरं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामं वगळून. त्यामुळे आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेणं, पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान करून यंत्र पुन्हा शून्यावर आणणं, संध्याकाळी मोहोरबंद करणं हे सगळं प्राथमिक शिक्षकाच्या अंगवळणी पडलेलं आहे. शिवाय मतदान केंद्रही बहुधा शाळेचाच वर्ग. ज्या खोलीत मोठी माणसं रांग लावतात तीच खोली, तीच बाकं, तेच गुरुजी. फरक एवढाच की त्या दिवशी मुलांना सुट्टी असते, म्हणजे आपल्याच वर्गात चाललेली खरी निवडणूक मुलांना दिसत नाही.

शाळा आणि मतपेटीचं हे नातं पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीइतकं जुनं. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीसाठी ठाण्याच्या अलीकडेच, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं असे. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. वाचता न येणाऱ्या मतदारासाठी काढलेली ही तोड पहिलीच्या वर्गालाही तशीच लागू पडते. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. लोकशाही नावाची गोष्ट गुरुजींना तेव्हापासून फारच जवळून दिसू लागली. कोणाची बदली कुठे होणार याची चर्चा जिल्हा परिषदेच्याच इमारतीत चाले.

मुलांनी आपला पुढारी आपण निवडावा ही कल्पना मात्र मतपेटीहूनही जुनी आहे, आणि तिचा आधीचा अवतार आजच्यापेक्षा बराच निराळा होता.

त्याहीआधी शाळेत होता तो मॉनिटर. पंतोजींच्या शाळेत मोठ्या मुलाने लहानांना धुळपाटीवर अक्षरं गिरवायला शिकवायची चाल होतीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी तिथल्या देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने लिहिताना पाहिली. मोठ्या विद्यार्थ्यांकडून धाकट्यांना शिकवून घ्यायची स्वस्त पद्धत त्यांनी बसवली आणि ती विलायतेत ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. १८२० च्या दशकात, एल्फिन्स्टनच्या काळात, मुंबई इलाख्यात नव्या शाळा निघाल्या, तेव्हा ती साहेबी कपडे घालून परत आली. हा मॉनिटर गुरुजींनी नेमलेला, गुरुजींच्या वतीने वर्गावर लक्ष ठेवणारा. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं हे त्याचं मुख्य अधिकारक्षेत्र. वर्गाच्या वतीने गुरुजींना दोन शब्द सांगणं त्याच्या कामात बसत नव्हतं, आणि आजच्या मॉनिटरच्याही बसत नाही.

मोठ्यांच्या जगातही निवडणूक तेव्हा मूठभरांचीच होती. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची. लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर, १८८४ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यात निवडून आलेले सभासद वाढले, पण मत घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्याचं. सामान्य शिकलेल्या माणसाला निवडणुकीचा सराव झाला तो दुसरीकडेच. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. वार्षिक सभा, मागच्या सभेचा वृत्तांत, जमाखर्चावरचे प्रश्न आणि मग कार्यकारी मंडळाची निवड, हा शिरस्ता इथल्या माणसांनी अशा संस्थांत गिरवला. आज तोच डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये चालतो, आणि पाण्याच्या टाकीवरून तिथे होणारी चर्चा विधानसभेला लाजवील अशी असते. या परंपरेत मतदान ही शेवटची पाच मिनिटं. त्याआधीचे दोन तास हिशेब मागण्यात जातात.

विसाव्या शतकातल्या प्रयोगशील शाळांनी नेमका हाच हिशेबाचा भाग उचलला. शांतिनिकेतनात मुलं आपले कप्तान स्वतः निवडत आणि शिस्तभंगाचे तंटे मुलांचंच न्यायमंडळ सोडवी. तिथे शिकवणाऱ्या पियर्सन यांनी १९१६ मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पोलंडमध्ये यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयात मुलांचं कोर्ट भरे आणि त्यात मोठ्यांवरही खटला चाले. सहा महिन्यांत पाच वेळा आपण स्वतःच या कोर्टापुढे उभे राहिलो, हे कोर्चाक यांनीच नोंदवलं आहे. इंग्लंडात ए. एस. नील यांच्या समरहिलमध्ये शाळेच्या सभेत मुख्याध्यापकाचं एक मत आणि सहा वर्षांच्या मुलाचंही एकच.

महाराष्ट्रात हा प्रयोग सर्वांत खोलवर रुजला तो सेवाग्रामला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा केला आणि आशादेवी व ई. डब्ल्यू. आर्यनायकम या दांपत्याने सेवाग्रामच्या शाळेत तो जगून दाखवला. तिथे मुलांची आमसभा भरे आणि ती आपले मंत्री निवडी. सफाईचा मंत्री, आरोग्याचा, स्वयंपाकघराचा. पद म्हणजे काम. स्वयंपाकाच्या मंत्र्याला धान्य किती लागेल, पैसे किती, माणशी पोषण किती याचा हिशेब मांडावा लागे. सफाईच्या मंत्र्याला संडास स्वतः साफ करावे लागत. मुदत संपली की आमसभेपुढे अहवाल ठेवायचा आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. निवडून येणं तिथे फारसं मोठं नव्हतं, कारण आज ना उद्या बऱ्याच जणांची पाळी येणारच असे. उत्तर द्यायला उभं राहणं मोठं होतं.

हे वारं ठाणे जिल्ह्यातही आलं. मुंबई प्रांताचे पंतप्रधान राहिलेले बाळासाहेब खेर यांचं जिल्ह्यातल्या आदिवासी भागाकडे विशेष लक्ष होतं. १९४० मध्ये त्यांनी आदिवासी सेवा मंडळ काढलं. बोर्डीला आचार्य भिसे आधीपासून होतेच. १९४५ मध्ये ताराबाई मोडक तिथे आल्या, पाठोपाठ अनुताई वाघ, आणि बालशिक्षणाचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. (हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये.) त्यांच्या बालवाडीत मतपेटी नव्हती. पण गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसल्यावर शाळाच कुरणात नेणारी ‘कुरणशाळा’ तिथे निघाली, आणि शाळेची वेळ पोराच्या दिवसाप्रमाणे ठरवायची हे मान्य झालं. मुलाचं म्हणणं मोजायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करावी लागते, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

राजस्थानातल्या तिलोनियाच्या रात्रशाळा याच जातीच्या. तिथली मुलंही दिवसा जनावरं राखतात. १९९३ पासून ही मुलं आपली बालसंसद निवडतात. तिच्या एका पंतप्रधान मुलीची गोष्ट तिथल्या संस्थेचे संस्थापक बंकर रॉय जगभर सांगत आले: सकाळी वीस शेळ्यांमागे, संध्याकाळी मंत्रिमंडळाच्या बैठकीला. तिथल्या मंत्र्यांचं काम शाळांवर देखरेख ठेवण्याचं. शिक्षक वेळेवर येतो का, कंदील लागतो का, पाणी आहे का, हे ते पाहतात आणि मोठ्यांना विचारतात.

आपल्याकडे मात्र नव्या शतकात वजन काट्याच्या दुसऱ्या बाजूला, हिशेबाकडून मतदानाकडे गेलं. त्याचा संबंध देशातल्या निवडणुकीच्या प्रचाराशी आहे. मतदानाचा टक्का वाढवणं हे निवडणूक आयोगाचं मोठं काम झालं. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस झाला, २०१८ मध्ये शाळा-महाविद्यालयांत मतदार साक्षरता मंडळं निघाली. प्रत्येक मोठ्या निवडणुकीआधी शाळकरी मुलांकडून पालकांसाठी संकल्पपत्रं भरून घेतली जातात, प्रभातफेऱ्या निघतात. मूल हे मतदाराला घराबाहेर काढणारं सर्वांत स्वस्त आणि खात्रीचं साधन आहे हे सगळ्यांना उमगलं. त्यात स्मार्टफोन आला, ॲप आलं. शाळेतली निवडणूक हुबेहूब होऊ लागली, तिचे फोटो वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर येऊ लागले: शाई लावलेली बोटं पुढे करून उभी असलेली चिमुकली रांग. तिथवर सगळं छान.

अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. शपथविधी होतो, बिल्ले लागतात आणि मग पोषण आहारमंत्र्याने नक्की काय करायचं हे कोणी सांगत नाही. खिचडीची चव पाहायची? तांदळाच्या पोत्यांची नोंद वाचायची? वाटाणे आले नाहीत तर मुख्याध्यापकांना विचारायचं? जिथे हे होतं तिथे शनिवारच्या दप्तरमुक्त तासाला मंत्रिमंडळाची बैठक भरते, इतिवृत्ताची वही असते आणि नळाला गळती लागली तर पाणीमंत्र्याचं नाव निघतं. तिथली मुलं प्रश्न विचारायला शिकतात. त्याचा त्रास शिक्षकांनाच पहिल्यांदा होतो. जिथे ते होत नाही तिथे आरोग्यमंत्री रांगेत नखं तपासतो आणि नावं लिहून बाईंना देतो. म्हणजे फिरून मॉनिटरच, फक्त निवडून आलेला.

आणखी एक गंमत पटसंख्येची. पाड्यावरच्या शाळेत पट पंधरा-वीसचा आणि खाती दहा. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने राज्याचं मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांवर आणून ठेवलं. हे प्रमाण लावलं तर या शाळांना तिनांवर मंत्री करता येणार नाहीत. पण बहुतेक शाळांत सर्वाधिक मतांचा मुख्यमंत्री, दुसरा उपमुख्यमंत्री आणि हरलेले बाकीचे खातेवाटपात सामावून घेतले जातात. कोणाचं मन मोडू नये ही त्यामागची भावना, आणि आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती चूक म्हणवत नाही. तरी त्यामुळे विरोधी बाकावर बसायला कोणी उरत नाही. काही शाळा मुद्दाम विरोधी पक्षनेता नेमतात. ती सूचना सोपी आहे, खर्च काही नाही, आणि वर्गातली चर्चा तिने एकदम बदलते. बिनविरोध निवडीचा मोहही टाळायला हवा. ‘तुम्हीच ठरवा रे आपसात’ म्हटलं की वर्गातला दांडगा पोरगा ठरवतो. हा मोह मोठ्यांनाही आवरत नाही: जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत कल्याण-डोंबिवलीच्या अनेक जागांचा निकाल मतदानाआधीच लागला होता.

त्या निवडणुकीत शाळेची आणि महापालिकेची सामग्री तर एकच निघाली. स्थानिक निवडणुकांत २०११ पासून बाटलीतल्या शाईऐवजी मार्कर पेन वापरलं जात होतं. ती शाई पुसली जाते अशा तक्रारी मतदानाच्या दिवशी राज्यभर झाल्या. एका प्रभागातून बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक, म्हणजे मतदाराने चार बटणं दाबायची. ती दाबताना गोंधळलेल्या आजी-आजोबांना आधी सरावाचा एक दिवस मिळाला असता तर बरं झालं असतं, जसा मुलांना मिळतो.

खऱ्या निवडणुकीत मुलांचा हात लागतो तो एकाच ठिकाणी, तिची मांडणी ठरताना. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा भांड्यातून चिठ्ठी उचलायला शाळकरी मुलांना बोलावतात. ज्या चिठ्ठीने एखाद्या माजी नगरसेवकाचा वॉर्ड जातो आणि त्याच्या बायकोसाठी दुसरा शोधावा लागतो, ती गणवेशातल्या मुलीने काढलेली असते. नि:पक्षपातीपणाची इतकी खात्री शहराला दुसऱ्या कोणाबद्दल वाटत नाही. सोडत संपली की तिला खाऊ देऊन घरी पाठवतात. आपण उचललेली चिठ्ठी म्हणजे काय, महिलांसाठी निम्म्या जागा राखीव का, हे त्याच सभागृहात पाच मिनिटांत तिला सांगता येईल. पण तेवढ्यात आकडेमोड करणाऱ्या इच्छुकांची गर्दी मंचाकडे सरकलेली असते.

चौथीत मुख्यमंत्री झालेली मुरबाडची मुलगी पुढे कल्याणच्या महाविद्यालयात येते तेव्हा तिला आणखी एक आश्चर्य भेटतं. तिथे निवडणूक नसते. १९८९ मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका थांबवून गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या नव्या कायद्याने निवडणुका पुन्हा कागदावर आणल्या. २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं, ते विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकललं गेलं आणि पुढेच राहिलं. सहा वर्षांच्या मुलांच्या हाती मार्कर देणारं राज्य अठरा वर्षांच्या मुलांबाबत अजून कचरतं. आणि या मुलीला, जिला एकदा पोषण आहाराची वही तपासून खिचडीत वाटाणे कमी का हे विचारता आलं होतं, कँटीनच्या दरांबद्दल अर्ज कोणाकडे द्यायचा हे कोणी सांगू शकत नाही.